निळी ट्यूब

पहाटे ५.३०

अवसरी बुद्रुक. पौषातली थंडी. ताईंच्या घरात दिवा लागलाय. आधी मुलाचा डबा, मग स्वतःचा. मटकीची उसळ, चपात्या, फडक्यात बांधलेला कांदा. नवरा दूध संकलनाच्या टेम्पोवर आहे, तो साडेचारलाच गेला. सासूबाई चुलीपुढं शेकत बसल्यात.

ताई मंचरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. बारावी सायन्स, मग डीएमएलटी. पगार साडेतेरा हजार. सकाळी घरोघरी जाऊन रक्त काढायचं, मग लॅबमध्ये बसून तपासायचं. घरटी पन्नास रुपये वेगळे मिळतात. स्कूटी स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. "नाव छापू नका," म्हणाल्या. "गावाचं छापा."

६.१५

बॅग रात्रीच भरून ठेवलेली असते, तरी सकाळी एकदा उघडून बघतात. सुया २१ आणि २३ नंबरच्या. दंडाला बांधायचा पट्टा. स्पिरिट, कापूस, चिकटपट्टी. हातमोज्यांचं खोकं. वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा. आणि ट्यूबा, झाकणांच्या रंगांप्रमाणे रबर लावून बांधलेल्या. जांभळी सीबीसीची. करडी साखरेची. लाल लिव्हर-किडनीची. निळ्या मात्र दोनच, वेगळ्या पिशवीत.

निळ्या ट्यूबवरची तारीख ताई दिव्याखाली धरून वाचतात. आत तळाशी थेंबभर पाण्यासारखं दिसतं, ते सोडियम सायट्रेट. रक्त गोठू नये म्हणून. एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. हे प्रमाण चुकलं की तपासणी चुकली. तारीख उलटून गेलेल्या ट्यूबमधली हवेची ओढ कमी होते आणि रक्त रेघेपर्यंत चढत नाही. एका ट्यूबची किंमत आठ-दहा रुपये. तिच्यावर होणारी तपासणी अकराशेची.

आजच्या यादीत सहा घरं. चौथ्या ओळीत लिहिलंय: डी-डायमर, सीबीसी. फुप्फुसाचं ऑपरेशन. सोळावा दिवस.

६.५०

सूर्य उगवायला अजून थोडा वेळ आहे, पण रस्ता दिसू लागलाय. पूर्वी ताई सहालाच निघायच्या. आता उजाडल्याशिवाय निघत नाहीत. ऊसतोड चालू आहे. फड तुटला की बिबट्या उघड्यावर येतो, शेजारच्या फडात घुसतो. जुन्नर-आंबेगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्कूटीचा हॉर्न ताई वळणावळणावर वाजवतात. कुणी समोरून येतंय म्हणून नाही.

पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चाललेत, मागं दोन-दोन ट्रॉल्या. ताई साईडपट्टीवर उतरतात, थांबतात, परत चढतात.

७.१०

पहिली तीन घरं भराभर होतात. एका आजींची उपाशीपोटी साखर. आजी म्हणतात, "चहा घेतलाय, पण बिनसाखरेचा." ताई काही बोलत नाहीत, कागदावर तसं लिहून घेतात. पुढच्या घरी थायरॉईड. त्याच्या पुढं एक पोरगा, तीन दिवस ताप. पोरगं रडतं, आई त्याचा हात धरते, बाप अंगणात निघून जातो.

७.५०

चौथं घर वस्तीवर आहे. बाहेर कांद्याची रोपं उपटून ठेवलीत, लागणीच्या बाया आठला येणार. ओसरीत कॉट. कॉटवर बाबा, वय ६६. टोपी, स्वेटर, छातीशी उशी. खोकला आला की उशी छातीवर दाबून धरायची, हे त्यांना परळला टाटा हॉस्पिटलात शिकवलंय. कर्करोगामुळं उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढलाय. चाळीस वर्षं बिडी ओढली. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. घरी आल्यावरच्या सुया घरच्या पैशांनी.

शेजारच्या स्टुलावर तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. बाबा दोनपर्यंत जातात. तिसरी हलते आणि बसते.

"या ताई," सून म्हणते. "काल रात्री झोपले का विचारा त्यांना. मला खोटं सांगतात."

"झोपलो की."

ताई आधी हात बघतात. दोन्ही कोपरांवर निळे-पिवळे डाग. सलाईनं लावून लावून शिरा बसल्यात. डावा हात सोडतात. उजव्या हाताला पट्टा बांधतात. मूठ आवळायला लावत नाहीत, नुसतं "हात सैल सोडा बाबा" म्हणतात. बोटाच्या टोकानं कोपराच्या आतली बाजू चाचपतात. डोळ्यांनी नाही, बोटानं. एक शीर लागते, सरकते. खाली आणखी एक, बारीक, पण दाबली की उसळी घेणारी. तिथं थांबतात. पट्टा सोडतात, हात जरा खाली लोंबू देतात, पुन्हा बांधतात. पट्टा मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही.

फुलपाखरू सुई, २३ नंबर. सुई आत गेली, बारीक नळीत रक्त आलं. आता बघण्यासारखं आहे. ताई आधी एक फुकटची निळी ट्यूब लावतात, बोटभर रक्त घेतात आणि काढून बाजूला ठेवतात. ती टाकायची. का? या सुईच्या नळीत हवा असते. पहिल्या ट्यूबमध्ये ती हवा जाते, तेवढं रक्त कमी भरतं, आणि नवाला एक हे प्रमाण बिघडतं. म्हणून पहिली बळी द्यायची आणि दुसरी खरी भरायची. लॅबचा मालक कधी कधी विचारतो, निळ्या ट्यूबा एवढ्या का लागतात. ताई सांगतात. पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारतो.

दुसरी निळी रेघेला बरोबर टेकते. पट्टा सोडला. मग जांभळी. निळी आधी, जांभळी नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही. जांभळीतलं औषध निळीत गेलं तर घोटाळा. दोन्ही ट्यूबा हलकेच उलट्या-सुलट्या करायच्या, निळी तीन-चारदा, जांभळी आठ-दहादा. जोरात हलवायच्या नाहीत. ट्यूबमध्येच गुठळी झाली तर नमुना फुकट आणि बाबांना पुन्हा टोचणं आलं.

"किती काढलं?" बाबा विचारतात.

"दोन चमचे पण नाही."

ट्यूबवर नाव, वय, वेळ. ७.५८. निळी ट्यूब बर्फाच्या डब्यात जात नाही, बॅगेच्या कप्प्यात उभी राहते.

८.०५

सून चहा आणते. तिचं शिक्षण दहावी. पोटात सुई द्यायला ती टाटातल्या सिस्टरकडून शिकली. रोज रात्री आठ वाजता, गुठळी होऊ नये म्हणून, एनॉक्सापॅरिन, ४० मिलिग्रॅम. ती करून दाखवते: बेंबीपासून निदान दोन इंच लांब, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. कातडी चिमटीत धरायची. सुईतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो तसाच ठेवलेला असतो. नंतर चोळायचं नाही, नाहीतर काळं पडतं. वापरलेल्या सुया गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये.

एक सुई चारशेच्या आसपास. चार आठवडे सांगितलंय, म्हणजे अठ्ठावीस. मंचरला परवा दहा किलो कांद्याला १८० मिळाले. एक सुई म्हणजे अर्धी पिशवी कांदा, असा हिशेब सुनेनं स्वतःच मांडला.

"हे डी-डायमर करोनात पण काढायचे ना?" ती विचारते. हा शब्द २०२० आणि २०२१ नं घराघरात पोचवला. ऑक्सिमीटर, एचआरसीटीचा स्कोअर, डी-डायमर. तेव्हा लोक आकडा पाठ म्हणून दाखवायचे.

ताई उठता उठता विचारतात, "बाबा, पायाला काही?" हे विचारायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रोग ओळखणं हे त्यांचं काम नाही, तसं त्या कधी करतही नाहीत. पण विचारतात.

"दोन दिवस झाले, डावी पोटरी जराशी ओढते. बसून बसून असंल."

ताई यादीच्या कागदावर लिहून घेतात: डावी पोटरी, दोन दिवस.

८.४०

पुढचं घर उरकून ताई परतीच्या वाटेला लागतात. तोडलेल्या फडाच्या कडेला ऊसतोडीच्या कोप्या. एक बाई हात करते. अंगात ताप आहे, कोयता आज नवऱ्यानं एकट्यानंच नेलाय. "रगत तपासायचं किती?"

"सीबीसी अडीचशे."

बाई गप्प. ताई म्हणतात, "मंचरला सरकारी दवाखान्यात जा. उपजिल्हा रुग्णालय. तिथं पैसे नाही लागत. आजच जा." बाई विचारते, कसं जायचं. ताई मोटार कुठं मिळेल ते सांगतात. लॅबचं गिऱ्हाईक गेलं. ताईंचे पन्नास पण.

९.३५

मंचर. पुणे-नाशिक रस्ता. लॅब दोन खोल्यांची: पुढं बाकडं आणि काउंटर, मागं यंत्रं. ताई हात धुतात, नमुने रजिस्टरला चढवतात आणि सगळ्यात आधी निळी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये घालतात. समोरासमोर तेवढ्याच वजनाची दुसरी ट्यूब हवी, नाहीतर यंत्र थरथरतं. पाणी भरलेली जुनी ट्यूब त्यासाठी ठेवलेली आहे. झाकण. पंधरा मिनिटं.

ही पंधरा मिनिटं आपल्यालाही मिळतात. तेवढ्यात हा डी-डायमर काय प्रकार आहे ते बघू.

शरीरात गुठळी झाली की तिला फायब्रिन नावाच्या धाग्यांची वीण असते. जखम भरत आली की शरीर ती वीण कातरायला लागतं. कातरताना एक ठराविक जोडतुकडा पडतो, तो डी-डायमर. शिंप्याच्या दुकानात खाली चिंध्या दिसल्या तर कापड कापलं गेलं एवढं कळतं; सदरा कुणाचा ते चिंध्या सांगत नाहीत. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या छातीत मोठी जखम भरत असते. तिच्याही चिंध्या पडतात. कर्करोग असला की तो आकडा तसाही वाढलेला असतो. म्हणून एरवी धडधाकट माणसाला ५०० च्या आत आकडा आला की डॉक्टर गुठळीचा विषय बंद करू शकतात, पन्नाशीपुढं वयाला दहानं गुणून मर्यादा धरतात. बाबांच्या वयाला ती ६६० होईल. पण सोळा दिवसांपूर्वी फुप्फुसाचा तुकडा काढलेल्या माणसाला ही फूटपट्टी लावून उपयोग नाही. त्याचा आकडा वरच असणार. बघायचं ते एवढंच, की तो उतरतोय की उतरता उतरता पुन्हा चढतोय.

मग गुठळीची एवढी धास्ती का? कर्करोग आणि गुठळी यांची जोडी जुनी. पॅरिसच्या आर्मां त्रुसो या डॉक्टरनं १८६५ च्या सुमारास ती व्याख्यानांतून मांडली. दोनच वर्षांत त्याच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. त्यानं ओळखलं, आपल्यालाही तेच. १८६७ साली तो जठराच्या कर्करोगानं गेला. गुठळी कशामुळं होते त्याची तीन कारणं जर्मनीच्या फिरखो या डॉक्टरच्या नावानं सांगितली जातात: रक्त एका जागी साचणं, शिरेला इजा, आणि रक्तच घट्ट व्हायच्या बेतात असणं. ऑपरेशन झालेला, कॉटवर बसून राहिलेला, कर्करोगाचा रुग्ण. तिन्ही एका माणसात.

पायातली गुठळी सुटली की रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते. ज्याचं फुप्फुस आधीच कमी केलंय त्याला ती जास्त महागात पडते. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१६ साली एक अभ्यास छापला. फुप्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या १५७ जणांची महिन्याभरानं सीटी आणि पायांची सोनोग्राफी केली. १९ जणांना गुठळी निघाली. त्यातल्या बहुतेकांना काहीच जाणवलेलं नव्हतं. हॉस्पिटलमधून सगळे घरी गेले होते. वस्तीवरच्या त्या ओसरीत, उशी छातीशी धरून, बाबा नेमके त्या महिन्यात आहेत.

९.५५

सेंट्रिफ्यूज थांबतं. ट्यूबमध्ये खाली लाल, वर फिकट पिवळं पाणी. ताई ट्यूब उजेडाकडे धरतात. गुठळी नाही, लालसर झाक नाही, रेघ बरोबर. पिपेटनं वरचं पिवळं उचलतात, खालच्या लालला टोक लागू न देता.

इतक्यात वीज जाते. इन्व्हर्टर टुकटुक करतो आणि यंत्रं धरतो. फ्रीज धरत नाही. ताई फ्रीजच्या दाराला चिकटपट्टी लावतात, कुणी उघडू नये म्हणून.

१०.१५

डी-डायमरचं यंत्र टिफिनच्या डब्याएवढं आहे. मोठ्या लॅबमध्ये मोठी असतात. इथं कार्ड घालायचं, थेंब टाकायचा, थांबायचं. कार्ड फ्रीजमधून आधी काढून खोलीच्या तापमानाला आणलेलं असतं. थंडीत त्याला जास्त वेळ लागतो. आज सकाळी कंट्रोल लावला होता, तो मर्यादेत आला. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. मशीन खरं बोलतंय का बघायला. महाग असतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी रोज लावत नाहीत. ताई लावतात. त्यावरूनही मालकाशी बोलणं होतं.

दरम्यान जांभळी ट्यूब सीबीसीच्या मशीनवर. हिमोग्लोबिन १०.८. पांढऱ्या पेशी ठीक. प्लेटलेट २ लाख ९० हजार.

अडीचशे रुपयांच्या या तपासणीला कमी समजू नये. पोटातली ती सुई घेणाऱ्या थोड्या लोकांत पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट अचानक खाली येतात आणि उलट गुठळ्या होऊ लागतात. म्हणून प्लेटलेट बघायच्या. शिवाय केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टर खोराना स्कोअर नावाचा हिशेब करतात, २००८ चा. प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त, हिमोग्लोबिन दहाच्या खाली, पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर, वजन फार जास्त, आणि कर्करोग कुठला. एवढ्यावरून पुढच्या काही महिन्यांत गुठळीची शक्यता किती ते ठरवतात. फुप्फुसाला एक गुण. त्यातला रक्ताचा भाग सगळा साध्या सीबीसीत आहे.

१०.३२

डी-डायमरचा आकडा येतो. १,३८०.

ताई रजिस्टरला लिहितात. पुढं एकक लिहितात, एनजी पर एमएल, एफईयू. प्रिंट डॉक्टरांच्या सहीला जातो. पॅथॉलॉजिस्ट मॅडम साडेअकराला येतात.

१२.१०

फोन. बाबांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, पहिल्या शिफ्टला. रिपोर्ट त्याच्या मोबाईलवर गेला. तो जेवणाच्या सुट्टीत बोलतोय, मागं कॅन्टीनचा गलका.

"ताई, हॉस्पिटलमधून सोडताना ८९० होता. आता १,३८०? वाढला की हा! पुण्याला नेऊ का आत्ताच?"

ताई म्हणतात, "तो कागद पाठवा."

कागद येतो. ताई बोटांनी मोठा करून बघतात. आकड्याच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत: एनजी पर एमएल, डीडीयू.

या दोन अक्षरसमूहांनी किती घरांची झोप उडवली असेल. काही यंत्रं फक्त त्या तुकड्याचं वजन मोजतात, ते डीडीयू. काही यंत्रं ज्या मूळ धाग्यातून तुकडा निघाला त्याच्या हिशेबात सांगतात, ते एफईयू. एफईयू साधारण दुप्पट येतो. म्हणजे आधीचे ८९० इथल्या भाषेत सुमारे १,७८०. आकडा वाढला नाही, उतरला. त्यातही दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळं "उतरला" हेही सैल हातानंच म्हणायचं. खरं तर सगळे नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच यंत्रावर व्हायला हवेत. परळला ऑपरेशन, वस्तीवर घर. कसं व्हायचं?

ताई हे मुलाला सांगत नाहीत. "मॅडम बोलतील तुमच्याशी. पाचच मिनिटं," म्हणतात. मग मॅडमच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात. वर सकाळच्या यादीचा कागदही ठेवतात. डावी पोटरी, दोन दिवस.

१२.२५

मॅडम आकड्यांवर एक मिनिट घालवतात आणि पोटरीवर पाच. फोन घरी लावतात.

"वहिनी, ब्लाऊजची टेप आहे का घरात? गुडघ्याच्या खाली जे हाड लागतं ना हाताला, तिथून दहा सेंटिमीटर खाली. दोन्ही पाय मोजा. मी धरते."

वाट बघणं. पलीकडे टेप शोधल्याचा आवाज, बाबांचा आवाज, "कशाला उगी."

उजवा साडेतीस सेंटिमीटर. डावा बत्तीस.

दीड सेंटिमीटर. तीनच्या वर फरक असता तर त्याचा वेगळा गुण धरला असता. इथं तो नाही. पण कर्करोग आहे, मोठं ऑपरेशन आहे, पोटरी दाबल्यावर दुखते. एवढं पुरे. मॅडम म्हणतात, अशा रुग्णाला आकडा काहीही येवो, डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करायची. आकडा कमी आला म्हणून सोडायचं नाही आणि जास्त आला म्हणून घाबरायचं नाही. मग टाटाच्या डिस्चार्ज कार्डावरच्या डॉक्टरांना फोन लागतो. तेही तेच सांगतात. दम लागतो का, छातीत टोचतं का, थुंकीत रक्त? नाही. ऑक्सिजन ९६. मग पुण्याची घाई नको. आजच मंचरला पायाची डॉपलर.

मुलगा अर्धी रजा टाकून निघाला. चाकणची कोंडी पार करून यायला त्याला किती वेळ लागेल ते तोही सांगू शकत नाही. तो यायच्या आत शेजारच्यांच्या ओमनीतून बाबा निघालेत.

१.४५

जेवण. मटकी गार झालीय. ताई काउंटरच्या मागं उभ्यानंच खातात, बाकड्यावर लोक आहेत. वीज परत आलीय. फ्रीजवरची चिकटपट्टी काढतात, आतलं तापमान बघतात, वहीत लिहितात.

३.३०

सोनोग्राफी सेंटर. दारावर तो फलक, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. बाकावर बाबा, हातात उशी. एका पायाची डॉपलर अठराशे. सुनेनं पाचशेच्या नोटा मोजून दिल्या, कांद्याच्या पट्टीतल्या. दोनशे परत आले.

आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. डॉक्टरांनी जांघेपासून सुरुवात केली. गार जेल. प्रोब ठेवायचा आणि दाबायचा. चांगली शीर दाबली की मिटते. आत गुठळी असली की मिटत नाही. दोन-दोन बोटांवर दाबत दाबत गुडघ्याच्या मागं आले, मग पोटरीत. प्रत्येक वेळी पडद्यावरचा काळा गोल मिटला. पोटरीला जास्त वेळ लागला, तिथल्या शिरा बारीक. वीस मिनिटं.

गुठळी नाही. सूज बसून बसून. बाबा दिवसभर कॉटच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसतात, आडवं झालं की खोकला येतो म्हणून.

"अठराशे गेले," बाबा म्हणाले.

"गेले तर गेले," सून म्हणाली. मुलगा तोवर पोचला होता, चाकणचा ड्रेस अंगावर. त्यानं काहीच म्हटलं नाही. रिपोर्टचा फोटो काढून टाटाला पाठवला.

मला विचाराल तर ते अठराशे सकाळच्या अकराशेंपेक्षा जास्त कामी आले. पण अकराशेंच्या निमित्तानं ताई त्या ओसरीत गेल्या नसत्या, तर पोटरीचं कुणी विचारलं नसतं. "बसून बसून असंल" म्हणून ते तसंच राहिलं असतं. आणि डॉपलरचं उत्तर वेगळं निघालं असतं, तर सुईचा डोस वजनावर गेला असता, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने. कांद्याचा हिशेब मग पिशव्यांत नाही, ट्रॉलीत करावा लागला असता.

५.१५

लॅब. उरलेले रिपोर्ट, उद्याची यादी. थायरॉईडचा नमुना पुण्याला जाणाऱ्या गाडीनं गेला, ती तपासणी इथं होत नाही. ताई सुयांचा डबा बंद करून बाजूला ठेवतात, कचऱ्याची गाडी परवा येणार. सेंट्रिफ्यूज पुसतात. निळ्या ट्यूबांची संख्या वहीत लिहितात, गेल्या दोन, शिल्लक किती. मालकासाठी.

६.२०

निघायची वेळ. थांबलं तर अंधार पडेल. आजची पाच घरं झाली, सहावं रद्द झालं, ते लोक बाहेरगावी गेले. अडीचशे. पेट्रोल शंभराचं टाकलं.

वाटेत वस्तीवर थांबतात, रिपोर्टची छापील प्रत द्यायला. बाबा ओसरीत फेऱ्या घालतायत, भिंतीला हात लावत. दर तासाला पाच मिनिटं, असं सांगितलंय. सुया अजून बारा. पुढचं रक्त आठ दिवसांनी, आणि ते याच लॅबला, याच मशीनवर, हे मॅडमनी कागदावर लाल पेनानं लिहून दिलंय.

सून म्हणते, "ताई, कधी थांबायचं आणि कधी पळायचं, तेवढं लिहून द्या. मॅडम फोनवर बोलल्या, पण माझ्या ध्यानात राहत नाही."

ताई पाकिटाच्या मागं लिहितात. मॅडमचंच सांगणं, स्वतःच्या अक्षरात. ज्यांच्या घरी नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस आहे त्यांनीही ते उतरवून घ्यावं:

एकाच पायाला सूज किंवा दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, डॉपलरचं विचारा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, थुंकीत रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडले तर रक्त तपासत बसू नका, आमची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.